लिस्ट पॅटर्न मॅचिंगची चाचणी: पॅटर्न काय नाकारतो ते आधी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पायथॉन या भाषेत मॅच आणि केस, म्हणजे आलेले मूल्य एकेका पॅटर्नशी (साच्याशी) ताडून जुळणारी शाखा चालवणारी रचना, वापरून आज्ञांच्या लिस्ट ओळखणारे एक फंक्शन लिहिले आहे, प्रत्येक शाखेसाठी एक उदाहरण घेऊन चाचण्या लिहिल्या आहेत आणि त्या सगळ्या उत्तीर्ण होतात, तरीही प्रत्यक्ष वापरात कधी टपल (न बदलता येणारी यादी), कधी साधी स्ट्रिंग (मजकूर), तर कधी अपुरी लिस्ट भलत्याच शाखेत जाऊन पडते. अशा वेळी लिस्ट पॅटर्नचे वर्तन तपासायचे कसे?

माझे उत्तर एका वाक्यात सांगता येईल, पण ते अमलात आणायला बरेच तपशील लागतात. प्रत्येक शाखेसाठी जुळणारे उदाहरण देणारी चाचणी पॅटर्न काय स्वीकारतो एवढेच सांगते, आणि लिस्ट पॅटर्नमधल्या जवळजवळ सगळ्या चुका तो काय नाकारतो या बाजूला दडलेल्या असतात. म्हणून चाचण्यांचा भर दोन शाखांच्या सीमेवर, म्हणजे एका शाखेतून थोडक्यात निसटून दुसरीत जाणाऱ्या मूल्यांवर असला पाहिजे. त्यासाठी ही सीमा भाषेने नेमकी कुठे आखली आहे हे आधी माहीत असावे लागते.

बोलण्यासाठी एक छोटे फंक्शन समोर ठेवू. एसटीच्या वेळापत्रकाशी संबंधित आज्ञा ओळखणे एवढेच त्याचे काम आहे. इथे भाषेचे राखीव शब्द देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ते आणि अंक रोमनमध्येच टंकावे लागतात. व्हेरिएबलची नावे मात्र देवनागरीत असलेली पायथॉन ३ ला चालतात.

    डेफ ओळखा(आज्ञा):
        मॅच आज्ञा:
            केस []:
                रिटर्न ("रिकामी",)
            केस ["थांबे"]:
                रिटर्न ("थांबे",)
            केस ["फेऱ्या", मार्ग]:
                रिटर्न ("फेऱ्या", मार्ग)
            केस ["जोड", पहिला, *मधले, शेवटचा]:
                रिटर्न ("जोड", पहिला, मधले, शेवटचा)
            केस [*_]:
                रिटर्न ("अनोळखी",)
            केस _:
                रिटर्न ("लिस्ट नाही",)

यातले *मधले हे तारांकित नाव कितीही घटक एकत्र पकडते, तर _ ही अधोरेखा काहीही स्वीकारते पण त्याला नाव देत नाही. प्रत्येक शाखा स्वतःची वेगळी खूण परत करते, याकडे लक्ष द्यावे. ज्या फंक्शनच्या दोन शाखा सारखेच उत्तर देतात, त्यात नेमकी कोणती शाखा चालली हे चाचणीला कळू शकत नाही. तुमच्या मूळ फंक्शनमध्ये शाखांच्या आत थेट काम होत असेल, म्हणजे डेटाबेसला हात लावला जात असेल किंवा फाइल लिहिली जात असेल, तर ओळखण्याचा भाग असा वेगळा काढणे ही चाचणीच्या दिशेने टाकलेली पहिली आणि सर्वांत उपयोगी पायरी आहे.

आता सीमा पाहू. पायथॉनमध्ये ही सोय ३.१० या आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, आणि तिचे नियम पेप ६३४ या पायथॉनच्या अधिकृत प्रस्ताव-दस्तऐवजात दिले आहेत. त्यातला पहिला नियमच अनेकांच्या अपेक्षेला छेद देतो: चौकोनी कंसातला पॅटर्न केवळ लिस्टसाठी नसतो, तो कोणत्याही सिक्वेन्ससाठी, म्हणजे क्रमाने मांडलेल्या घटकांच्या संग्रहासाठी असतो. [अ, ब], (अ, ब) आणि कंसाशिवाय लिहिलेले अ, ब हे तिन्ही पॅटर्न एकच आहेत. त्यामुळे ("थांबे",) हे टपल आपल्या दुसऱ्या शाखेत जाते. रिकामे टपल पहिल्या शाखेत जाते. डेक (दोन्ही टोकांनी वापरता येणारी रांग), रेंज (संख्यांची मालिका) आणि अॅरे मॉड्यूलमधला अॅरे हेही सिक्वेन्स म्हणूनच पाहिले जातात. याउलट स्ट्रिंग, बाइट्स आणि बाइटअॅरे हे तीन प्रकार स्वतः सिक्वेन्स असूनही या पॅटर्नमधून जाणीवपूर्वक वगळले आहेत. म्हणून "थांबे" ही नुसती स्ट्रिंग आली, तर ती [*_] मध्येही न अडकता थेट शेवटच्या शाखेत पोहोचते. सेट, डिक्शनरी, जनरेटर आणि इटरेटर यांचेही तसेच होते.

स्ट्रिंग वगळण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. स्ट्रिंगचा प्रत्येक घटक पुन्हा स्ट्रिंगच असतो, आणि लिस्टच्या जागी चुकून स्ट्रिंग येणे हा पायथॉनमधला जुना, नेहमी आढळणारा दोष आहे. पण प्रत्येक भाषेने हाच निर्णय घेतलेला नाही. हास्केलमध्ये स्ट्रिंग ही मुळात अक्षरांची लिस्टच असल्यामुळे लिस्टचा पॅटर्न तिला लागू पडतो. सी शार्प ११ मध्ये २०२२ साली लिस्ट पॅटर्न आले, तेव्हा लांबी सांगणारा गुणधर्म आणि क्रमांकाने घटक देण्याची सोय एवढीच अट ठेवली गेली. स्ट्रिंग ती पूर्ण करते, त्यामुळे तिथे स्ट्रिंगही जुळते. एर्लँग आणि इलिक्झिर यांत लिस्ट आणि टपल हे पूर्ण वेगळे प्रकार असून एकाचा पॅटर्न दुसऱ्याला कधीच लागू पडत नाही. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आलेला प्रोग्रॅमर आपल्या जुन्या सवयी बरोबर घेऊन येतो, आणि म्हणून 'स्ट्रिंग कुठे जाते' व 'टपल कुठे जाते' या दोन चाचण्या मी प्रत्येक संघात सक्तीच्या मानतो, उत्तर कितीही उघड वाटले तरी.

स्वतः लिहिलेल्या क्लासच्या बाबतीत ही सीमा आणखी फसवी आहे. एखाद्या क्लासला लांबी सांगता येते, क्रमांकाने घटक देता येतो, फॉर लूपमध्ये तो नीट चालतो, म्हणजे तो सिक्वेन्स पॅटर्नला जुळेलच असे समजणे चूक आहे. तो क्लास कलेक्शन्सच्या एबीसी मॉड्यूलमधल्या सिक्वेन्स या मूळ क्लासपासून घेतलेला किंवा त्याच्याकडे नोंदवलेला असावा लागतो. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा अॅरे तसा नोंदवलेला नाही. त्यामुळे तीन घटकांचा नमपाय अॅरे [अ, ब, क] या पॅटर्नला जुळत नाही आणि कोणताही एरर न देता पुढच्या शाखेकडे जातो. आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये कुणी लिस्टऐवजी अॅरे पाठवायला सुरुवात केली की हे घडते, आणि फक्त लिस्ट घेऊन लिहिलेल्या चाचण्या तेव्हाही उत्तीर्ण होत राहतात. तुमच्या फंक्शनला फक्त लिस्टच हवी असेल आणि टपल नको असेल, तर पॅटर्न लिस्ट([अ, ब]) असा लिहावा. आधी प्रकार पाहिला जातो, मग आतला पॅटर्न त्याच मूल्यावर चालवला जातो.

लांबीची सीमा तुलनेने सरळ आहे, पण तिच्या चाचण्या पुऱ्या लिहिलेल्या मला क्वचितच दिसतात. तारांकित नाव नसलेला पॅटर्न नेमक्या लांबीला जुळतो, तर तारांकित नाव असलेला पॅटर्न किमान लांबीला. ["जोड", पहिला, *मधले, शेवटचा] या पॅटर्नला किमान तीन घटक लागतात; म्हणून ["जोड", "पुणे"] ही लिस्ट 'अनोळखी' या शाखेत गेली पाहिजे आणि ["जोड", "पुणे", "सातारा"] या लिस्टने 'मधले' रिकामी लिस्ट म्हणून परत दिले पाहिजे. मूळ चाचण्यांमध्ये बहुधा चार-पाच थांब्यांचे एक छान उदाहरण असते आणि ते या दोन्ही टोकांपासून दूर असते. इथे आणखी एक नियम चाचणीत पकडून ठेवण्यासारखा आहे: आलेले मूल्य टपल असो, रेंज असो किंवा डेक, तारांकित नावात नेहमी नवी लिस्टच येते.

आता पद्धतीकडे येतो. लिस्ट पॅटर्नसाठी यादृच्छिक मूल्ये निर्माण करणारी चाचणी मी पहिली निवडत नाही, आणि त्याला कारण आहे. इथे मूल्यांचा संच इतका लहान करता येतो की तो संपूर्ण तपासणेच सोपे असते. पॅटर्नमध्ये येणारे तीन शब्द घ्यावेत, त्यांच्याबरोबर एक असा शब्द घ्यावा जो कोणत्याही पॅटर्नमध्ये नाही, आणि या चार शब्दांपासून शून्यापासून पाचपर्यंतच्या लांबीच्या सर्व लिस्ट तयार कराव्यात. त्यांची संख्या १ + ४ + १६ + ६४ + २५६ + १०२४, म्हणजे १३६५ होते. प्रत्येक लिस्ट टपल म्हणूनही दिली, तर २७३० मूल्ये. इटरटूल्स मॉड्यूलमधले प्रॉडक्ट हे फंक्शन ती एका ओळीत तयार करते आणि सगळी चाचणी डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते. लांबी पाचपर्यंत नेण्याचे कारण असे की सर्वांत मोठ्या पॅटर्नची किमान लांबी तीन आहे, चारला 'मधले' मध्ये एक घटक येतो, आणि दोन घटक आल्याशिवाय त्यांचा क्रम बरोबर राहतो की नाही हे कळत नाही.

या प्रत्येक मूल्यासाठी अपेक्षित उत्तर कुठून आणायचे? त्यासाठी पॅटर्न अजिबात न वापरता, फक्त लांबी, क्रमांकाने घटक काढणे आणि स्लाइस (सलग तुकडा) यांच्या आधारे तेच काम करणारे एक संदर्भ फंक्शन लिहावे, आणि दोन्हींची उत्तरे सर्व मूल्यांवर ताडून पाहावीत. हे फंक्शन शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने आणि मूळ फंक्शन समोर न ठेवता, केवळ आवश्यकतेच्या वर्णनावरून लिहावे. मूळ शाखा एकेक करून भाषांतरित केल्या, तर मूळ चूकही इमानाने भाषांतरित होते. बहुतेकांना पहिल्याच फेरीत एक फरक दिसतो: टपलचा स्लाइस टपलच असतो, आणि तारांकित नावात मात्र लिस्ट येते. हा फरक संदर्भ फंक्शनमध्ये घाईने मिटवून टाकण्याआधी, पुढचे प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहेत याचा निर्णय जरूर घ्यावा.

याच संचावर एक स्वतंत्र गुणधर्मही तपासावा: 'जोड' ही खूण परत आली असेल, तर पहिला, त्यानंतर मधले आणि शेवटी शेवटचा असे पुन्हा एकत्र केल्यावर मूळ लिस्टमधला 'जोड' नंतरचा सगळा भाग जसाच्या तसा मिळाला पाहिजे. कोणताही घटक हरवला, दोनदा आला किंवा जागा बदलून बसला, तर ही एकच चाचणी ते पकडते. शब्दांऐवजी संख्या, आत लिस्ट असलेल्या लिस्ट आणि अनपेक्षित प्रकार यांचे मिश्रण तपासायचे असेल, तेव्हा यादृच्छिक मूल्ये निर्माण करणारी हायपॉथेसिससारखी लायब्ररी खरोखर उपयोगी पडते, कारण तो संच संपूर्ण मोजता येत नाही.

शाखांच्या क्रमाबद्दल पायथॉन फारच थोडी मदत करते, आणि ही उणीव चाचण्यांनीच भरून काढावी लागते. केस _ किंवा केस मार्ग अशी, काहीही स्वीकारणारी शाखा शेवटच्या जागी नसेल, तर प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच सिंटॅक्स एरर, म्हणजे लिखाणाच्या नियमांची चूक, येतो. पण [*_] ही शाखा सर्वांत वर नेली, तर एरर येत नाही, कारण औपचारिकदृष्ट्या ती सर्व मूल्ये स्वीकारत नाही, फक्त सर्व सिक्वेन्स स्वीकारते. परिणामी तिच्याखालच्या सिक्वेन्सच्या चारही शाखा मृत होतात आणि इंटरप्रिटर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. रस्टचा कंपायलर पोहोचता न येणाऱ्या पॅटर्नबद्दल इशारा देतो आणि एखादी शक्यता हाताळली गेली नसेल, तर प्रोग्रॅम बांधायलाच नकार देतो. इलिक्झिरमध्ये एकही शाखा जुळली नाही, तर प्रोग्रॅम चालताना तरी एरर येतो. पायथॉनमध्ये एकही शाखा जुळली नाही, तर मॅचचा संपूर्ण भाग काहीही न करता ओलांडला जातो आणि फंक्शन मुकाट्याने नन, म्हणजे 'काहीही नाही' हे मूल्य, परत करते. म्हणून शेवटची केस _ ही शाखा नेहमी असावी आणि तिलाही स्वतःची चाचणी असावी, असे मी आग्रहाने सांगतो.

चाचण्या क्रमाला खरोखर बांधलेल्या आहेत का, हे पाहण्याचा उपाय कष्टाचा नाही. दोन शेजारच्या शाखांची अदलाबदल करावी, तारांकन काढून पाहावे, एखादा शब्द काढून त्या जागी अधोरेखा ठेवावी, आणि प्रत्येक बदलानंतर किमान एक चाचणी नापास होते की नाही ते पाहावे. एकही चाचणी नापास झाली नाही, तर दोनच शक्यता उरतात: एक तर त्या दोन शाखांचे क्षेत्र खरोखर वेगळे आहे, किंवा त्यांच्या सीमेवर चाचणी नाही. [] आणि ["थांबे"] यांची अदलाबदल केल्याने काहीच बदलणार नाही आणि ते ठीक आहे. ["फेऱ्या", मार्ग] आणि [*_] यांची अदलाबदल केल्यावरही सगळ्या चाचण्या उत्तीर्णच राहिल्या, तर मात्र चाचण्या अपुऱ्या आहेत. किती ओळी चालल्या हे मोजणारे कव्हरेजचे साधन इथे फसवे समाधान देते, कारण प्रत्येक शाखेची आतली ओळ एकदा चालली की ते शंभर टक्के दाखवते आणि लांबीच्या सीमेबद्दल त्याला काहीच माहिती नसते.

काही नियमांची चाचणी फंक्शन चालवून करताच येत नाही, कारण ते मोडले की फाइलच वाचली जात नाही. एका पॅटर्नमध्ये तेच नाव दोनदा वापरणे, एका पातळीवर दोन तारांकित नावे ठेवणे, किंवा उभ्या रेघेने जोडलेल्या पर्यायांमध्ये वेगवेगळी नावे बांधणे, हे सारे पायथॉनमध्ये सिंटॅक्स एरर आहेत. एर्लँगची सवय असलेल्यांना [अ, अ] याचा अर्थ 'दोन्ही घटक समान' असा अभिप्रेत असतो. पायथॉनमध्ये त्यासाठी [अ, ब] लिहून पुढे इफची अट, म्हणजे गार्ड, जोडावा लागतो. अशा नियमांची चाचणी लिहायची असेल, तर प्रोग्रॅमचा तुकडा स्ट्रिंग म्हणून कंपाइल या फंक्शनला द्यावा आणि सिंटॅक्स एरर येतो का ते पाहावे. सर्वसाधारण प्रोजेक्टमध्ये याची गरज नसते; भाषेच्या नियमांवर आधारलेले साधन, उदाहरणार्थ लिंटर (प्रोग्रॅम न चालवता त्यातल्या चुका दाखवणारे साधन) किंवा शिकवण्याचे साहित्य तयार करणाऱ्यांना ती असते.

साध्या कंसाचा सापळा मात्र सर्वांसाठी आहे. (पहिला,) हा एका घटकाच्या सिक्वेन्सचा पॅटर्न आहे, तर स्वल्पविराम नसलेला (पहिला) हा फक्त कंसात लिहिलेले नाव असून तो काहीही पकडतो. याच्या जवळचा दुसरा सापळा नावांचा आहे. आधी कुठेतरी मुख्य_मार्ग असे मूल्य ठरवून ठेवले आणि केस [मुख्य_मार्ग, थांबा] असे लिहिले, तर त्या मूल्याशी तुलना होत नाही. पहिला घटक जो असेल तो मुख्य_मार्ग या नावात भरला जातो आणि जुने मूल्य पुसले जाते. तुलना हवी असेल, तर नाव टिंब असलेले, म्हणजे मॉड्यूल किंवा क्लासच्या नावानिशी लिहावे लागते. वर सांगितलेली नकाराची चाचणी हा दोष तत्काळ उघड करते: मुख्य मार्ग नसलेली दोन घटकांची लिस्ट द्यावी आणि ती शाखा चालत नाही हे पाहावे. स्वीकाराची चाचणी हा दोष कधीच पकडू शकत नाही.

घटकांच्या तुलनेतही बारकावे आहेत. पॅटर्नमध्ये लिहिलेली संख्या आणि स्ट्रिंग यांची तुलना दुहेरी बरोबर चिन्हाने होते, त्यामुळे [१] हा पॅटर्न १.० आणि ट्रू असलेल्या एका घटकाच्या लिस्टलाही जुळतो. ट्रू, फॉल्स आणि नन यांची तुलना मात्र ओळखीने, म्हणजे तीच वस्तू आहे का हे पाहून होते; म्हणून [ट्रू] हा पॅटर्न [१] या लिस्टला जुळत नाही. ही असमानता लक्षात ठेवणे अवघड आहे आणि चाचणीत लिहून ठेवणे सोपे आहे. ज्यांच्या लिस्टमध्ये आकडेमोडीतून आलेले नॅन, म्हणजे 'संख्या नाही' दर्शवणारे मूल्य असते, त्यांनी हेही पाहावे की मॅथ मॉड्यूलमधले नॅन असलेली लिस्ट स्वतःशी तुलना केल्यास समान ठरते, कारण लिस्टची तुलना आधी घटकांची ओळख पाहते; पण तेच नॅन टिंब असलेल्या नावाने पॅटर्नमध्ये लिहिले, तर ती शाखा कधीही जुळत नाही.

आता एका अशा मुद्द्याकडे येतो जिथे अनुभवी लोकही चाचणी चुकीच्या गोष्टीला बांधतात. पॅटर्न अर्धवट जुळून शेवटी फसला, तर मध्ये पकडलेल्या नावांचे काय होते? भाषेचे अधिकृत वर्णन याबाबत स्पष्ट आहे: फसलेल्या पॅटर्नमध्ये नावे भरली जातील यावर विसंबू नये आणि ती जशीच्या तशी राहतील यावरही विसंबू नये. सीपायथॉन, म्हणजे आपण सर्वसाधारणपणे वापरतो तो इंटरप्रिटर, संपूर्ण पॅटर्न जुळल्यानंतरच नावे भरतो. पण ही त्या इंटरप्रिटरची पद्धत आहे, भाषेचे वचन नाही. अशा वर्तनावर चाचणी लिहिली, तर ती आज उत्तीर्ण होईल आणि उद्या दुसऱ्या इंटरप्रिटरवर किंवा पुढच्या आवृत्तीत विनाकारण मोडेल. गार्डचे तसे नाही. पॅटर्न जुळला आणि मगच गार्ड तपासला जातो, तेव्हा त्या क्षणी सर्व नावे भरलेली असतात, हे भाषेचे वचन आहे; म्हणून गार्ड खोटा ठरला, तरी त्या शाखेतली नावे बदललेली राहतात आणि पुढच्या शाखेत ती तशीच दिसतात. केस [आरंभ, शेवट] इफ आरंभ < शेवट अशी शाखा असलेल्या फंक्शनमध्ये 'आरंभ' हे नाव आधीपासून दुसऱ्या कामासाठी वापरात असेल, तर हा दोष प्रत्यक्षात होतो, आणि त्याची चाचणी अवश्य लिहावी.

वचन आणि योगायोग यांतला हाच भेद आळशी सिक्वेन्सच्या, म्हणजे घटक मागितल्यावरच फाइलमधून किंवा नेटवर्कवरून आणणाऱ्या क्लासच्या चाचणीत उपयोगी पडतो. सिक्वेन्सपासून घेतलेला, प्रत्येक वेळी लांबी किंवा घटक मागितला की त्याची नोंद करणारा एक छोटा क्लास लिहून पॅटर्नसमोर ठेवला, तर सीपायथॉन काय करतो ते स्वच्छ दिसते: [*_] साठी लांबीही विचारली जात नाही, [पहिला, *_] साठी लांबी आणि पहिला घटक एवढेच मागितले जाते, तर [पहिला, *उरलेले] साठी सर्व घटक आणले जातात. एकेक घटक महाग असेल, तर नको असलेल्या भागाला नाव न देता अधोरेखा वापरावी, हा यातून मिळणारा व्यवहारातला धडा पक्का आहे. पण लांबी नेमकी किती वेळा विचारली गेली यावर चाचणी बांधू नये, कारण ती एकदा विचारून साठवून ठेवण्याची मुभा भाषेने इंटरप्रिटरला दिली आहे.

डिक्शनरीचे पॅटर्न याच फंक्शनमध्ये मिसळलेले असतील, तर एवढे ध्यानात असू द्यावे की [] फक्त रिकाम्या सिक्वेन्सला जुळतो, पण {} कोणत्याही डिक्शनरीला जुळतो, मग तिच्यात कितीही नोंदी असोत. दोन्हींच्या चाचण्या एका साच्यातून काढल्या, तर दुसरी चुकते.

शेवटचा मुद्दा मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी आहे, आणि आपल्या फंक्शनमध्ये तो मुद्दाम ठेवला आहे. 'फेऱ्या' या शब्दातला अर्धा र तीन प्रकारे टंकलेला असू शकतो: युनिकोडमधले ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यावर हलन्त, साधा र आणि खाली नुक्ता देऊन त्यावर हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सहसा सारखेच दिसतात. पॅटर्नमधल्या स्ट्रिंगची तुलना मात्र चिन्हागणिक होते, त्यामुळे ["फेऱ्या", मार्ग] ही शाखा तिन्हींपैकी फक्त एकाच प्रकाराला जुळते आणि उरलेल्या दोन प्रकारांनी टंकलेली आज्ञा 'अनोळखी' ठरते. ज्याने चाचणी लिहिली त्यानेच फंक्शन त्याच कीबोर्डवरून टंकले असेल, तर हा दोष चाचणीत कधीच दिसणार नाही. युनिकोडडेटा मॉड्यूलमधले नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी पद्धतीने, म्हणजे चिन्हे जोडून एकच रूप देणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीने, चालवल्यास पहिले दोन प्रकार एकरूप होतात. तिसरा त्यानेही बदलत नाही, त्यासाठी र, हलन्त आणि जोडचिन्ह या क्रमाच्या जागी ऱ आणि हलन्त हा क्रम आपणच बसवावा लागतो. हे शुद्धीकरण मॅचच्या आधी, लिस्टच्या प्रत्येक स्ट्रिंग घटकावर करावे, आणि चाचणीत हे तिन्ही प्रकार टंकून न लिहिता युनिकोडच्या क्रमांकांवरून तयार करावेत, म्हणजे कुणाच्याही संपादकाने ती फाइल साठवताना त्यांचे परस्पर एकच रूप केले, तरी चाचणी निरर्थक होणार नाही.